गादी तिच्यासाठी, आडवा मी

गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी हडपसरला, बसस्टॉपच्या अगदी समोर, आडवा पडलो होतो. घाबरू नका, गाद्यांच्या शोरूममध्ये. दर्शनी बाजू सगळी काचेची आणि बेड नेमके त्या काचेला लागून मांडलेले... बसची वाट बघणाऱ्यांची करमणूक चांगली झाली.

आमच्या सौ.ची कंबर सहा महिने दुखतेय. बेडवर झोप लागत नाही म्हणून जमिनीवर झोपून झालं, तिथेही नाही म्हणून बऱ्याचदा खुर्चीत बसून राहते. डॉक्टर म्हणाले, आधी गादी बदला, मग माझ्याकडे या.

सेल्समन तिशीतला, हातात टॅब. आता माणसांचे तीन प्रकार झालेत म्हणे... साइड स्लीपर, बॅक स्लीपर, स्टमक स्लीपर. कुशीवर झोपणाऱ्याला वरून मऊ गादी हवी, म्हणजे खांदा आत रुततो. उताणं झोपणाऱ्याला मध्यम कडक, पालथ्याला चांगली कडक, नाहीतर पोट खाली जातं. माहिती कामाची आहे, ऐकून ठेवा. पण त्याने ती सगळी मला सांगितली. कंबर तिची!

"मॅम साइड स्लीपर असतील ना, सर?" हेही मलाच विचारलं. मॅम माझ्या शेजारी उभी होती. मी म्हटलं, हो, कायम कुशीवर, पस्तीस वर्षं बघतोय.

आता एक सांगतो. मी आयुष्यभर स्प्रिंगा बनवल्या. पत्र्याच्या शेडमध्ये एका मशीनवर सुरुवात केली, नव्वदनंतर मोटारींची कामं वाढली तसा मीही वाढलो. तारेचा आवाज मला कळतो.

पॉकेट स्प्रिंग म्हणजे प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत. एक दबली तरी शेजारची हलत नाही, म्हणून एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याची झोप मोडत नाही. तिसरी गादी मी मध्यम कडक म्हणून नापास केली. चौथीवर वळलो तर आतून तारेवर तार घासल्याची बारीक किरकिर... म्हटलं, ही पॉकेट नाही, यातल्या स्प्रिंगा एकमेकींना जोडलेल्या आहेत. तो म्हणाला, लक्झरी रेंजमध्ये सगळ्या पॉकेटच असतात. मी म्हटलं, कापून बघूया का? मग त्याने टॅबमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, सॉरी सर, लेबल बदललंय. लेबल बदललंय! मी स्प्रिंगवाला निघालो म्हणून. बाकीच्यांनी काय करायचं?

मग सौ.ला म्हटलं, तू पडून बघ. तिने काचेकडे पाहिलं, बसस्टॉपकडे पाहिलं, बेडच्या पायाशी उभ्या असलेल्या त्या सेल्समनकडे पाहिलं. पदर सारखा केला आणि म्हणाली, "राहू दे. तुम्ही बघितलंय ना." कणीक बघावी तशी तळव्याने गादी दाबली, झालं.

"मॅमची बॉडी टाइप सांगा सर, मी सिस्टिममध्ये टाकतो."

इथे माझं डोकं सटकलं. निम्मं गिऱ्हाईक बायकांचं, त्यांनी साडी नेसून रस्त्यासमोर चार पुरुषांदेखत आडवं पडायचं? हे दुकान ज्याने आखलं त्याच्या घरात बाईमाणूस आहे की नाही? तो शांतपणे म्हणाला, हिंजवडीच्या ब्रँचला सगळे कपल्स झोपून बघतात, कधी प्रॉब्लेम आला नाही. म्हणजे प्रॉब्लेम आम्ही.

बिलिंग काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई होत्या, बॅजवर नाव शीला. त्या उठल्या, पुढचं शटर खाली ओढलं, जेमतेम वाकून जाता येईल एवढंच ठेवलं. मग आम्हा दोघांकडे वळल्या. "काका, तुम्ही बाहेर थांबा न जरा. अन् सर, तुम्ही भी. ताईले पडू द्या शांतीनं." वऱ्हाडातल्या असणार.

जाता जाता मी बजावलं, तिला साइड स्लीपरवाली दाखवा. मग मी आणि सेल्समन पायरीवर. तो टॅबकडे बघतोय, मी बसेसकडे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं... शेवटी वाकून आत शिरलो.

सौ. झोपली होती. चक्क गाढ. मी नापास केलेल्या तिसऱ्या, मध्यम कडक गादीवर, उताणी. शीलाताई शेजारी खुर्चीवर बसलेल्या, त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

ती उठल्यावर मी म्हटलं, अगं पण तू तर कुशीवर झोपतेस. ती केस सारखे करत म्हणाली, "मी मुळात उताणीच झोपायची, माहेरी. आपल्या खोलीत तेवढी जागा कुठे होती?"

तक्रार नव्हती हो त्यात. नुसती माहिती होती.

लग्नानंतरची अकरा वर्षं आम्ही दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत काढली. आई, दोन मुलं, आम्ही दोघं. मी शेडवरून दमून यायचो आणि पसरायचो. उरलेल्या फटीत, भिंतीकडे तोंड करून ती. मग फ्लॅट झाला, डबलबेड आला, पण तोवर तिचं अंग तसंच वळलेलं... आणि मी ते तिची सवय म्हणून धरून चाललो.

त्या सेल्समनचा राग मला आजही आहे. तिला न विचारता त्याने मला विचारलं. पण तिला न विचारता उत्तर कोणी दिलं? तो तिला पाच मिनिटं ओळखत होता. मी पस्तीस वर्षं.

तर मंडळी, गादी घ्यायला जाल तेव्हा जिला झोपायचंय तिला आडवं होऊ द्या. दुकानदार नाही म्हणाला तर शटर ओढायला सांगा. आणि आपण बाहेर थांबा. शीलाताई, तुमचे मनापासून आभार... 'बाहेर थांबा' हे मला घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि तिला कसं झोपायचंय हे मीही विचारलं नव्हतं.

बुधवारी गादी आली. सौ. दोन्ही हात पसरून झोपते आणि सकाळी सातलाच उठते. माझ्या वाट्याला कडेची वीतभर जागा येते. पुरते मला.