डाव्या कप्प्याचं माप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच असेल.

तेव्हा मी औरंगाबादेत एका दवाखान्यात हृदयाची सोनोग्राफी करायचो. इको म्हणतात तो. मशीन एकच, तेही धड चालेल तर शपथ. हृदय थकलं की त्याचा डावा वरचा कप्पा फुगत जातो. त्याचं माप घ्यायचं आणि मागच्या मापाशी ताडून पाहायचं, हे माझं काम. कप्पा वाढलेला दिसला की आमचे मोठे डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी सुरू करत. कारण फुगलेल्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली की माणूस आडवा. म्हणजे सगळी मदार त्या एका मापावर. मला हे पाठ होतं — मग?

मग काय! मी वैतागलो होतो. वाळूजला धडाधड कारखाने उभे राहत होते आणि मी मात्र त्या अंधाऱ्या खोलीत कुजत होतो. एका कंपनीत डॉक्टरची जागा निघाली. मुलाखत दुपारी तीनला — आणि नेमका त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद. बस नाही, रिक्षा नाही. मला बरंच वाटलं. पेशंट येणार नाहीत, लवकर सटकता येईल.

दोन वाजता पाचोडहून कोंडाबाई आली. मेंढरांमागं हिंडण्यात आयुष्य गेलेली, आता चार पावलांत धापणारी. सोबत नवरा धोंडिबा आणि त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, उत्तम. उत्तम स्वतः चळवळीतला. टेम्पोला निळा झेंडा बांधून, अडवलेल्या रस्त्यांतून वाट काढत त्यानं तिला वेळेवर आणलं होतं.

"तारीख चुकवायची नाय म्हणलं," तो हसून म्हणाला.

मला राग आला त्या हसण्याचा. खोटं कशाला बोलू?

कोंडाबाईला आडवं होता येईना. डाव्या कुशीवर वळायचं, श्वास सोडून क्षणभर रोखायचा, तर चित्र नीट दिसतं. तिला श्वासच पुरत नव्हता. पाठीला उशा लावून, अर्धा तास धीर धरून जमलं असतं — एरवी मी जमवायचोच की! पण मी घड्याळ पाहिलं. तिच्या छातीवरचं जेल पुसलं. जुन्या रिपोर्टावरचं माप नव्या रिपोर्टावर उतरवलं आणि खाली लिहिलं, 'फरक नाही'.

"बरं हाय न्हवं, सायेब?" तिनं विचारलं.

"बरंय," मी म्हणालो आणि स्कूटर काढून मुलाखतीला पळालो. नोकरी मिळाली.

मी रुजू होण्याआधीच, पंधराव्या दिवशी, कोंडाबाई परत आली. तोंड वाकडं, उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. या वेळी मी पाऊण तास लावून मोजलं. कप्पा केवढा तरी वाढलेला, आत गुठळी. पंधरा दिवसांत इतका वाढत नाही.

"काय चुकलं आमचं?" धोंडिबानं विचारलं. आमचं!

आणि मी म्हणालो, "बंदच्या दिवशी टेम्पोत हादरे खात आणायची काय गरज होती? गुठळी सुटणारच."

का म्हणालो? कारण हे खपेल, ठाऊक होतं. मी बागायतदारांच्या घरातला. आमच्याकडे नामांतराचा विषय निघाला तरी जेवणं थांबायची. त्या दिवसांत निळ्या झेंड्यावर काहीही ढकला, लोक मान डोलवत. मी तेच वापरलं — जाणूनबुजून.

धोंडिबानं उत्तमकडं पाहिलं. "तूच म्हणलास, चल." एवढंच.

पुढं कंपनीत पाचोडचा एक कामगार भेटला, त्याच्याकडून कळलं. कोंडाबाई तीन वर्षं खाटेवर होती. धोंडिबा मरेपर्यंत उत्तमशी बोलला नाही. ऐकून मी काय केलं? चहा संपवला आणि कामाला लागलो.

पण सगळ्यात वाईट अजून सांगितलेलंच नाही. त्या दिवशी धोंडिबा तिच्याजवळ वॉर्डात गेल्यावर उत्तम एकटाच माझ्या खोलीत आला. दारापाशीच उभा राहिला.

"सायेब, खरं सांगा. माझ्यापायी झालं का हे?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिचे दोन्ही रिपोर्ट माझ्यासमोर टेबलावर होते.

मी म्हणालो, "हो."