एक माप मोठे टायर

महाराष्ट्र नवा होता तेव्हाची गोष्ट. काळ्या मातीत ट्रक रुततो म्हणून बाबांनी एक माप मोठे टायर बसवले. मिस्त्री नको म्हणत होता, पण बाबा ऐकतील तर शपथ! कांद्याची पोती भरलेला ट्रक डोणगावच्या आमच्या गोदामात कसाबसा शिरला. पोती उतरवून हमाल बाजाराला गेले. बाबा ट्रक बाहेर काढायला लागले, तर ट्रकचा टप गोदामाच्या दाराच्या चौकटीवर धाडकन आदळला. ओझं उतरताच ट्रक चार बोटं उंच झाला होता!

बाईचा पाय लागला की गाडीला विटाळ होतो, असं म्हणणारे बाबा शेवटी आईला आणि कांदे निवडणाऱ्या बायांना म्हणाले, "चढा वं साऱ्याजणी, वजन पाहिजे."

आई पदर खोचत म्हणाली, "काऊन जी, आता नाही होत विटाळ?"