परत घेतलेली ओळ

"आधी वापरून बघतो, मग लिवतो."

गिऱ्हाइकाने ओळ सांगितली की आमचे पेंटर ब्रश कानामागे अडकवून हेच म्हणायचे. ट्रॅक्टर दारात गुरगुरतोय, मालक घाईत आहे, पण हे ढिम्म हलायचे नाहीत.

शाहूपुरीत माझं रंगाचं दुकान आणि शेजारी त्यांचा गाळा. ट्रक, टेम्पो आणि उसाच्या ट्रॉल्या यांच्या मागच्या फाळक्यावर सुविचार लिहायचे, हा त्यांचा धंदा. रस्त्यात अशा ओळी तुम्हीही वाचल्या असतील, हसलाही असाल. आता तर रोज सकाळी मोबाईलवर डझनभर सुविचार येऊन पडतात आणि आपण ते न वाचताच पुढे ढकलतो. पण फाळक्यावरची ओळ माणूस निवडून घेतो आणि वर्षानुवर्षं पाठीमागे घेऊन हिंडतो. पेंटरांना तिची जबाबदारी वाटायची.

एकाला हवं होतं, 'पहाटे उठेल तो पुढे जाईल.' पेंटर आठ दिवस पहाटे उठले. नवव्या दिवशी त्याला म्हणाले, "उठलो की. रोज दुपारी हितंच स्टुलावर झोपलो. पुढं कुटं गेलो न्हाय. दुसरं सांग."

मला हा निव्वळ वेडेपणा वाटायचा आणि मी तसं तोंडावर बोलून दाखवायचो.

"लोकं वाचत्यात आणि घरी जाऊन तसं वागत्यात, भावा."

कोण वागतंय, असं मी मनात म्हणायचो. मग मुरगूडचा एक शेतकरी माझ्याकडे रंग घ्यायला आला. त्याच्या ट्रॉलीवर पेंटरांनी पूर्वी लिहिलं होतं, 'जो गप्प राहतो तो जिंकतो.' पेंटर दिसताच तो खुशीत म्हणाला, "मामा, तुमची ओळ लई कामाला आली. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं धाकट्या भावासंगं वाजलं. तवापास्नं एक शब्द बोललो न्हाय. भिंतीपल्याड ऱ्हातोय, पण तीन वर्सं न्हाय म्हंजे न्हाय. जिंकलो का न्हाय?"

पेंटरांचा आवाज एरवी चार दुकानांपलीकडे जायचा. पण तो शेतकरी गेल्यावर हातातला चहा खाली ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "ती एकच ओळ मी न वापरता लिवली. मला कुटं जमतंय गप्प बसायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिश पेपर, निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. मला विचारलंसुद्धा नाही.

मुरगूडला पोचल्या पोचल्या त्यांनी फाळका घासायला घेतला. ट्रॉलीचा मालक धावत आला. "मामा, लकी ओळ हाय ती!"

"ट्रॉली तुझी, ओळ माझी. माझी मी परत नेतो."

अक्षरं गेली, वर निळ्या रंगाचा हात फिरला. मालक तोंड पाडून म्हणाला, "बरं, आता दुसरी कंची लिवताय?"

"भावाला इचारून ये. दोघांनी मिळून सांगितल्याबिगर ब्रश उचलायचा न्हाय."

मालक रागाने घरात गेला. पेंटर अंगणात पोत्यावर बसले. मालकाच्या बायकोने दोनदा चहा आणला, दुपारी भाकरी आणली. भाकरी त्यांनी तशीच बाजूला ठेवली. माझं दुकान बंद, डोक्यावर ऊन. मी वैतागलो. "चला की आता. आपलं काय अडलंय हितं?"

"माझं अडलंय," ते म्हणाले.

उन्हं कलल्यावर मालक बाहेर आला. भिंतीजवळ बराच वेळ उभा राहिला. मग नाव न घेताच ओरडला, "ए! फाळक्यावर काय लिवायचं?"

 पलीकडून धाकट्याचा आवाज आला, "आज इचारतोस व्हय? तीन वर्सं कुटं गेलतास?"

आणि दोघे सुटले. पाण्याची पाळी, आईचं आजारपण, बांधावरचा आंबा, सगळं निघालं. गल्ली गोळा झाली. ओळ काही ठरली नाही. पेंटरांनी शांतपणे भाकरी जवळ ओढली. "होऊ दे. निदान बोलत्यात." निघताना भिंतीवरून ओरडून गेले, "ठरली की या रं दोघं!"

या उन्हाळ्यात पेंटर गेले. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यांच्या आवाजाशिवाय मला दुकानात करमत नाही, आणि त्यांना वेड्यात काढल्याची लाजही वाटते.

मागच्या महिन्यात त्यांच्या गाळ्यासमोर एक ट्रॅक्टर थांबला. मागे कोऱ्या निळ्या फाळक्याची ट्रॉली. दोघे भाऊ उतरले.

"मामा कुटं हायत?" थोरल्याने विचारलं. "ओळी दोन निघाल्यात. ह्याची येगळी, माझी येगळी. कंची बरी ते त्यांनीच सांगावं म्हणून आलोय."

मी सांगितलं. थोरला बंद गाळ्याच्या पायरीवर बसला.

"आता कोण ठरवणार?" तो म्हणाला.

धाकट्याने त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

"चल दादा, घरी बोलू."