शून्य टक्के

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण मी लिहिलेलं नाही. हे आजवर कोणालाच सांगितलं नाही. गाईडला नाही, बायकोलाही नाही. ते माझ्या वहिनींचं आहे.

वहिनी पूर्वी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायच्या. सुटीच्या दिवशी अड्याळकडच्या तलावांवर फिरून पाणकरांशी बोलायच्या. तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, सोडायचं हे पाणकर ठरवतो, त्यामुळे धानाच्या दिवसांत त्याच्याशी कोणी वाकडं बोलत नाही. वहिनींनी त्यावर मोठा लेख लिहिला. कॉलेजच्या अंकात आला, अंक वेबसाइटवर चढला. मग माझी आई अंथरुणाला खिळली. आईला मुलगे आम्ही दोघे. नोकरी सोडली वहिनींनी.

माझं प्रमोशन पीएच.डी.वाचून अडलं होतं. मुदत संपत आली तेव्हा त्या प्रकरणासाठी माझ्याजवळ तलावाचा एकच फोटो होता, आणि त्यातही तलावापेक्षा मीच जास्त होतो. लेख उचलला.

प्रबंध ऑनलाइन जमा करायचा, आणि त्याआधी उचलेगिरी शोधणारं सॉफ्टवेअर तो तपासणार. तुमसरच्या टायपिंगवाल्याने ओळखीतून आधीच तपासून आणला. अडतीस टक्के. दहाच्या वर चालत नव्हतं.

“सर, दुसरं प्रकरण तर पुरं लाल होऊन राहिलं.”

“मग आता?”

“भेता कायले? पुरा प्रबंधच जुन्या फॉन्टमधी टाकून देतो. माणसाले मराठी दिसते, मशीनले नुसता कचरा. कचरा कोणाशी जुळन?”

पोर्टलवर शेवटी एक चौकट होती: हे संशोधन सर्वस्वी माझे आहे. मी त्याला म्हटलं, तूच टिक कर.

“करतो. पण लॉगिन तुमचं हाय सर. टिक कोणीबी केली तरी तुमचीच.”

फाइल मोठी झाली म्हणून पोर्टलने परत केली. त्याने माझा फोटो काढून टाकला. त्या प्रकरणात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

अहवाल आला: शून्य टक्के. विद्यापीठातल्या क्लार्कने मुद्दाम फोन केला. संदर्भसूचीसुद्धा कुठे ना कुठे जुळतेच म्हणे. माझी तीही जुळली नव्हती. पदवी मिळाली. कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं आणि नव्या संशोधकांपुढे प्रामाणिकपणावर बोलायला उभं केलं. मी पाऊण तास बोललो. बरा बोललो.

घरी वहिनींनी शेजारणींना चहाला बोलावलं होतं.

“आमच्या भाऊजींचं झिरो टक्के आलं,” त्या सांगत होत्या.

शेजारच्या काकूंनी कप खाली ठेवला. “झिरो? मंग नापास झाले का जी?”

“नाही वं काकू. झिरो म्हणजे कोणाचं काहीच घेतलं नाही. सगळं सोताच्या डोक्यातलं.”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, मले वाचाले द्या ना. तलावाचं काय लिहिलं ते पाहीन म्हणते.”

“बायंडिंगला टाकलाय,” मी म्हणालो. त्याला आता चार वर्षं झाली. त्यांनी दोनदा आणखी विचारलं, मग विचारणं सोडलं.

पान छप्पन्न ते त्र्याण्णव वहिनींचं आहे. तसं विद्यापीठाला लिहून देणं माझ्याकडे बाकी आहे, आणि त्याआधी वहिनींना सांगणं.