गळ्यापर्यंत माती

आमच्या सोसायटीतलं बुचाचं झाड मी जवळजवळ मारलं, आणि तेही टाळ्यांच्या गजरात, नारळ फोडून. ज्यांना झाड मारायचं असतं ते म्हणे बुंध्याला भोक पाडून गुपचूप काहीतरी ओततात. मला असलं चोरटं काम जमत नाही. मी सर्वसाधारण सभेत ठराव मांडला, तो एकमतानं मंजूर करून घेतला आणि मग मारायला घेतलं.

झाड खरं म्हणजे बायकोनं लावलेलं. आम्ही धायरीत राहायला आलो तेव्हा इमारतीच्या मागं शेतं होती आणि पुढं नुसता मुरूम. ती तेव्हा शाळेत शिकवायची. शाळेच्या आवारातून गुडघ्याएवढं रोप तिनं माझ्या स्कूटरवर मांडीत धरून आणलं. वाटेत मी दोनदा म्हणालो, "हे काही जगायचं नाही." मी ज्या ज्या गोष्टींबद्दल असं म्हटलंय त्या सगळ्या छान जगल्या आहेत. अठरा वर्षांत ते झाड दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीच्याही वर गेलं. पश्चिमेचं ऊन ते अंगावर घ्यायचं, म्हणून दुपारी तीननंतर आमच्या स्वयंपाकघरात माणसाला उभं राहता यायचं. दिवाळीच्या आगेमागे त्याची लांब देठांची पांढरी फुलं खाली पडायची आणि बायको सकाळी खाली जाऊन ओंजळभर वेचून आणायची. झाडाबद्दल ती कधी काही बोलायची नाही. ते होतं, एवढंच.

मग मी निवृत्त झालो.

बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेला माणूस. पाण्याशी माझा जो काही संबंध आला तो फायलीतून. पण निवृत्त माणसाला सोसायटीत काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर तो सगळ्यांकडे जाऊन बसतो. मला उद्यान समिती दिली. समितीत मी एकटाच होतो, त्यामुळे माझे सगळे निर्णय बिनविरोध होत. पहिला निर्णय: बुचाला पार बांधायचा. गावाकडे असतो तसा, गोल, वर काळा ग्रॅनाइट, ज्येष्ठांना संध्याकाळी टेकायला जागा. त्याच हिशोबात आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉकही बसवायचे, अगदी पाराला भिडवून, म्हणजे पावसाळ्यात चिखल नको.

विटांचं रिंगण दोन फूट उंच झालं आणि आत खड्डा दिसू लागला. खड्डा वाईट दिसतो. म्हणून लाल माती आणायला मी लोणी काळभोरला एका रोपवाटिकेत गेलो. मालक साठीचा, डोक्यावर टोपी, हात कोपरापर्यंत मातीचे.

"किती भरायचीय?" त्यानं विचारलं.

"काठोकाठ. दोन फूट."

"कुंडी हाय का मोठी?"

"कुंडी नाही हो, झाड आहे. अठरा वर्षांचं."

त्यानं टोपी मागं सारली. "मग त्याला माती कशाला? त्याची त्याच्यापाशी हाय की."

यावर मी जे बोललो ते मला आजही दात घासताना आठवतं. मी म्हणालो, "तुम्ही माती द्या. झाडाचं आम्ही बघतो."

पाराचं उद्घाटन झालं. मी भाषण केलं. बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे ओढले होते. शिवाय 'या झाडास कोणीही इजा करू नये' अशी पाटी मी स्वतः तीन वेळा मसुदा बदलून तयार केली होती, आणि ती चार इंची खिळ्यांनी झाडातच ठोकली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायको मागं उभी होती.

"खालचं खोड कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"आहे की आत."

"नाही, दिसत नाही म्हणून विचारलं."

मला वाटलं, हिला सौंदर्यदृष्टी नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझा नेम सुरू झाला. सकाळी साडेसहाला नळी लावायची, तोंडावर अंगठा दाबून फवारा करायचा आणि बुंध्याला पंधरा मिनिटं आंघोळ घालायची. फिरायला जाणारे लोक म्हणायचे, "वा काका, झाडावर लेकरासारखं प्रेम आहे तुमचं!" खरं सांगायचं तर पाणी झाडासाठी पहिले आठ दिवसच होतं. पुढचं सगळं त्या 'वा'साठी.

पुढच्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडायला लागली. मी म्हटलं, तहान लागली असणार. नेम दोन वेळचा केला. पानं गळायला लागली. म्हटलं, उपाशी असणार. युरियाच्या दोन मुठी टाकल्या. आठ दिवसांत काही फरक दिसेना म्हणून आणखी दोन. मग कुणीतरी सांगितलं, ताकात हिंग घालून ओता. ओतलं. पारावर बसणारे ज्येष्ठ दोन दिवस नाक धरून समोरच्या पायऱ्यांवर बसले. मग बुंध्याशी पांढरी छत्र्यांसारखी अळंबी उगवली. मी त्यांचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: 'निसर्गाची किमया!' छप्पन्न लोकांनी अंगठे दाखवले. झाड कुजत होतं आणि आम्ही अंगठे दाखवत होतो.

मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात एक वाळलेली फांदी मोडून एका गाडीच्या बॉनेटवर पडली. कुणाला लागलं नाही. पण संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी कुणाचा अपमान करायचा ठरवलं की आधी पाणी मागतात.

"थोडं पाणी मिळेल का?" ते म्हणाले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "झाड तोडण्याच्या परवानगीचा अर्ज करतोय. उद्यान समिती म्हणून आपली सही लागेल."

"अहो, पण ते बरं होईल."

"आपल्या भावना समजू शकतो. पण भावनांचा विमा निघत नाही. आपणच त्याची दीड वर्ष—"

"सव्वा."

"सव्वा वर्ष सेवा करताय. फळ समोर आहे."

ते गेल्यावर बायकोनं ग्लास विसळला. "कधी तोडतात?" एवढंच विचारलं. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी नीट बोलली. टोमणा नाही, उत्तरं सरळ, वर 'हो का' सुद्धा. छत्तीस वर्षांच्या संसारात इतकी वाईट परिस्थिती मी पाहिली नव्हती. अर्ज कपाटावर पडला होता आणि सहीच्या जागी पेन्सिलीनं केलेली फुली माझ्याकडे बघत होती.

मी पुन्हा लोणी काळभोरला गेलो. काहीतरी औषध द्या म्हटलं. मालक म्हणाला, "बघितल्याबिगर कसलं औषध?" आणि दोन दिवसांनी सिंहगड रोडला रोपं पोहोचवायला आला तेव्हा टेम्पो आमच्या दारात उभा केला. पारावर चढला, बुंध्यापाशी उकिडवा बसला आणि हातानं माती उकरायला लागला. वीतभर खाली साल काळी पडलेली होती, ओली, बोट लावलं की निघणारी. वास तर असा की ज्येष्ठ पुन्हा पायऱ्यांवर गेले.

"कुणी पुरलं हे?" त्यानं विचारलं.

"माती तुम्हीच दिलीत की."

"म्या माती दिली. पुरायला न्हाई दिली."

मग त्यानं मला समजावलं, जसं शाळेत ढ मुलाला फळ्याजवळ उभं करून समजावतात. खोड जमिनीला टेकताना जिथं पायासारखं पसरतं ती जागा उघडी पाहिजे, कोरडी पाहिजे. ती झाकली की साल कुजते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि दोन फूट मातीखाली, रोज भिजवलेल्या, हवा कुठून जाणार? शिवाय पाणी पिणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतातच. सावली जिथं संपते तिथवर आणि त्याच्याही पुढं पसरलेली असतात.

"तोंड तिकडं हाय," तो म्हणाला, "आन् तुम्ही रोज पाठीवर पाणी ओतताय."

मी सावलीच्या काठाकडे पाहिलं. भर दुपार होती. राहिलेल्या पानांची विरळ सावली पेव्हर ब्लॉकवरून जाऊन बरोबर चार नंबरच्या पार्किंगमध्ये संपत होती. तिथं एक जुनी पांढरी मोटार उभी होती. माझी.

तातडीची सभा बोलावली. ज्या सभेत मी पार मागितला होता त्याच सभेत आता पार फोडा म्हणायचं होतं. सेक्रेटरींनी पाणी मागवलं. मी ओळखलं.

"जुन्या इतिवृत्तात बघतोय," ते चष्मा सारखा करत म्हणाले. "संकल्पना आपलीच ना?"

"हो."

"मार्गदर्शन?"

"माझंच."

"आणि आता आपण म्हणता की झाडाला आजार नाही, आपण आहात."

"तसंच म्हणायचं तर... हो."

एक आजोबा उठले. "पार फोडल्यावर आम्ही बसायचं कुठं? यांच्या घरी?" लोक हसले. पहिल्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या, "आधी बांधायचं, मग फोडायचं. रस्त्यावर चालतं तेच आता आत सुरू केलं का?" बरोबर होतं.

"ब्लॉकही काढायचे म्हणता," सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे कुणाचं तरी पार्किंग जाणार. चार नंबर कुणाचं?"

सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं आणि थांबले. मी म्हणालो, "माझं. देतो." तेव्हा कुठं ठराव झाला: अर्ज दिवाळीपर्यंत स्थगित. तोवर पालवी फुटली तर ठीक, नाहीतर तोडायचं. फोडण्याचं काम उद्यान समितीनं करावं. समिती म्हणजे कोण, ते मी वर सांगितलंच आहे.

ग्रॅनाइट आणि विटा काढायला माणसं मिळाली. पण बुंध्याजवळची माती कुदळीनं काढायची नव्हती. साल दुखावली असती. मी खुरपं आणि घमेलं घेऊन बसलो. रोज सकाळी दोन तास. माझ्या गुडघ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी भांडण काढलं. जाणारे-येणारे विचारायचे, "काय काका, काही हरवलं का?" एकानं तर गुप्तधनाची चौकशी केली. पाटी काढताना खिळे वाकले आणि भोकांतून चिकट, काळपट पाणी आलं. चौथ्या दिवशी मान वर केली तर बायको समोर बसलेली. हातात जुनं उलथनं. ती मुळांच्या बेचक्यांतली माती हलक्या हातानं खरवडत होती, जणू तव्याला लागलेलं थालीपीठ सोडवतेय.

एक बेचकं मोकळं केलं. मग म्हणाली, "पाटबंधाऱ्यातला माणूस, आणि झाड मारलं तेही पाण्यानं."

माझ्या जिवात जीव आला. टोमणा परत आला होता.

पावसाळाभर पाण्याला हात लावायचा नाही असा रोपवाटिकेच्या मालकाचा हुकूम होता. नळी बघून माझा अंगठा शिवशिवायचा. एकच काम दिलं होतं: चार नंबरच्या उघड्या मातीवर चार बोटं जाडीचा पालापाचोळा पसरायचा, बुंध्यापासून हातभर लांब, म्हणजे खालची माती भुसभुशीत राहते. मी पसरला. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला: 'आवारात कचरा. उद्यान समिती झोपली आहे का?' दुसऱ्या दिवशी कुणीतरी सगळा पाला गोणीत भरून फाटकाबाहेर ठेवला. मी परत आणला. त्यांनी परत भरला. तीन वेळा. चौथ्यांदा मी पाल्याशेजारी खुर्ची टाकून बसलो. माझी गाडी तेव्हा बाहेर रस्त्यावर, कावळ्यांच्या ताब्यात.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात सेक्रेटरी इतिवृत्ताची वही घेऊन खाली आले. पाणी मागितलं नाही. झाडाभोवती एक फेरी मारली. फाटकाच्या अंगाला कोवळी, तकतकीत पालवी आली होती. आमच्या गॅलरीवरच्या दोन मोठ्या फांद्या कोळशासारख्या कोरड्या.

"निम्मंच आहे," ते म्हणाले.

"हो."

ते वहीत बघत राहिले. "ठरावात 'पालवी फुटली तर' असं लिहिलंय. किती फुटली तर, ते लिहायचं राहिलं." वही मिटली. "अर्ज मागं घेतो. वाळलेल्या फांद्या मात्र कापाव्या लागतील."

परवानगी आली, फांद्या कापल्या. झाड राहिलं, आमची सावली गेली. आता दुपारी तीनला ऊन सरळ ओट्यावर येतं. बायकोनं गॅलरीत जुनी साडी बांधली आहे आणि दुपारचा चहा म्हणून सकाळचा उरलेला थंडच पिते, कारण त्या वेळी गॅसपाशी उभं राहवत नाही. यंदा फुलं पडली, पण ओंजळ भरेल एवढी नाही. तरी ती रोज खाली गेली.

आता मी आठवड्यातून एकदा पाणी देतो. नळी करंगळीएवढ्या धारेवर सोडायची, सावलीच्या काठाशी ठेवायची आणि अर्ध्या तासानं जरा पुढं सरकवायची. पाणी खोल जायला वेळ लागतो. बुंधा कोरडा. हे सगळं मी बघणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगतो, कारण प्रत्येक जण थांबून सांगतोच: "काका, झाड तिकडं आहे." मुळं, हवा, साल, सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात, "अच्छा, अच्छा" म्हणतात. मी चहाला वर गेलो की नळी उचलून बुंध्यावर ठेवतात. प्रेमानं.

परवा तसंच झालं. मी खाली आलो तर तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ नळीच्या तोंडावर अंगठा धरून झाडाला आंघोळ घालत होते. चेहरा इतका प्रसन्न की माझं डोकंच फिरलं. "अहो, तुम्हाला दहा वेळा सांगितलं..." असं मी सुरू केलं, आवाज चांगलाच चढला, तेवढ्यात वरून, साडीच्या आडून बायकोचा आवाज आला.

"ओरडू नका हो त्यांच्यावर. तुम्ही सव्वा वर्ष हेच करत होतात."

मी त्यांच्या हातून नळी घेतली, धार बारीक केली, चार नंबरच्या मातीत नेऊन ठेवली आणि तिथंच उभा राहिलो. चहा खाली पाठव म्हणून सांगितलं.

"या की वर," ती म्हणाली.

म्हटलं, नको.