अबोल्याचे पस्तीस दिवस

ताईचा नवरा म्हणजे भला माणूस, असं आम्ही माहेरचे सगळे सोळा वर्षं म्हणत आलो. दारू नाही, आवाज चढवणं नाही. संगमेश्वरजवळच्या गावात त्यांची काजूची बाग, ताई तिथल्याच शाळेत शिक्षिका. भावोजींना राग आला की ते ताईशी बोलणं बंद करायचे. एवढंच. हा ‘एवढंच’ मीही कितीदा वापरलाय, आणि आज त्याची मला चीड येते.

गेल्या वर्षी ताई प्रशिक्षणाला देवरुखला गेली होती. परतीची एसटी चुकली, घरी पोचायला दोन तास उशीर झाला. त्या संध्याकाळपासून भावोजींनी अबोला धरला तो पस्तीस दिवस. शेजाऱ्यांशी हसून बोलायचे, कुत्र्याशी लाडाने बोलायचे. ताईने वाढलेलं ताट बाजूला सारून स्वतः वाढून घ्यायचे. काही सांगायचं असेल तर नऊ वर्षांच्या मुलीला सांगायचे, “तुझ्या आईला सांग, शर्टाचं बटण तुटलंय.” त्या दिवसांत ताई तापाने फणफणली, तरी काय होतंय म्हणून त्यांनी विचारलं नाही.

मी मधे एकदा जाऊन आले. “भावोजी, मौनव्रत सोडा की आता,” म्हणून थट्टा केली. ते हसले, मला काजूगर दिले. ताई चुलीपाशी पाठ करून उभी होती, आणि मी तिच्याकडे पाहिलंही नाही.

तो अबोला सुटला, आणि मग एक दिवस ताईने मुलीला मोबाइल दिला नाही. मुलीने दोन दिवस आईशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आधी सॉरी म्हण, मग बोलते.”

त्या शनिवारी ताई मुलीला आणि एक बॅग घेऊन मांडवीला माझ्या घरी आली.

आई माझ्याकडेच राहते. ती म्हणाली, “मारत तर नाही ना गो? अबोला कोणाच्या घरात नसतो?”

तेच वाक्य माझ्या ओठांवर होतं, याची मला अजून लाज वाटते.

सोमवारी आम्ही दोघी घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकारी बाईंना भेटलो. त्यांनी ताईला विचारलं, “ते परत बोलायला कधी लागायचे?”

“मी माफी मागितली की.”

“चूक काय असायची?”

“ते मला शोधून काढावं लागायचं.” मग ताई म्हणाली, “म्हणून मी कुठे जाणंच सोडलं. बहिणीकडेसुद्धा.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “याला छळच म्हणतात,” त्या म्हणाल्या. “कायद्यातही तो बसतो.”

पंधरा दिवसांनी भावोजी त्यांच्या काकांना घेऊन आले. ताई समोरच्या खुर्चीवर बसली होती. भावोजी मला म्हणाले, “विचारा हिला, येणार आहे का.”

“ती समोर बसलीय,” मी म्हणाले. “तिलाच विचारा.”

ते भिंतीकडे बघत राहिले. काकांनी खाकरून पाहिलं. दहा मिनिटांनी ताई स्वतःच म्हणाली, “मी येणार नाही,” आणि आत निघून गेली.

आता ती रोज एसटीने शाळेत जाऊन येते. बदलीचा अर्ज दिलाय, तक्रारही दाखल केलीय. गावात भावोजी सांगत फिरतात, “मी तिला कधी बोटसुद्धा लावलं नाही.” ते खरंच आहे, आणि ऐकणारे माना डोलावतात.