डबा न बघता मारलेला शिक्का

आहारावरचं कुठलंही व्याख्यान असो, अण्णा शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. प्रश्नोत्तरं सुरू झाली की हात वर करायचे आणि एकच विचारायचे, "छान बोललात हो. तुमचा स्क्रॅपचा डबा कुठे ठेवलाय?" वक्ता गोंधळायचा. मग अण्णा शांतपणे समजावून सांगायचे. त्यांची सगळी नोकरी बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेली होती. तिथे प्रत्येक मशीनशेजारी एक लाल डबा असे. बिघडलेला नग त्यात टाकायचा, त्याला चिठ्ठी बांधायची, आणि शिफ्ट संपताना अण्णांनी तो डबा उपडा करून बघायचा. "ज्याचा डबा रिकामा, तो एक तर देव असतो, नाहीतर लबाड," अण्णा म्हणायचे. "आणि देव काय शिफ्टला येत नाही."

मी तेव्हा बंगळुरात के. आर. पुरममधल्या त्यांच्या घरात तळमजल्यावर भाड्याने राहत होते. ते आणि त्यांची बायको वरच्या मजल्यावर. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. अण्णांचं घराणं इथे तीन-साडेतीनशे वर्षांचं आणि मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली. "आम्ही मराठ्यांच्या फौजेबरोबर आलो, तू लॅपटॉपबरोबर आलीस," एवढी माझी ओळख ते पाहुण्यांना करून द्यायचे. मला चांगलं नाव आहे, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही. जिन्यातून त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत हाक यायची, "ए पुणेकरीण, स्वल्प वर ये की!" वर गेलं की अक्का हातात वाटी द्यायची आणि अण्णा वही उघडून बसलेले असायचे.

त्या वहीत आमच्या इथल्या मराठी मंडळात बोलून गेलेल्या, व्हिडिओत दिसलेल्या, पेपरात छापून आलेल्या सगळ्या आहारवाल्यांची नोंद होती. क्षारयुक्त पाणीवाले, उपाशीपोटी तूपवाले, भातबंदीवाले. नावापुढे 'पास', 'परत तपासा' किंवा 'फेल'. कुणाला वाटेल म्हातारा डॉक्टरांच्या बाजूचा. छे! एका बड्या डॉक्टरने भाषणात सांगितलं की माझ्या गोळ्यांचा आजवर कुणालाही त्रास झाला नाही. अण्णांनी तिथल्या तिथे त्याला फेल केलं. उलट, एकदा मंडळात एक साधी बाई कढीपत्त्याबद्दल बोलायला आली होती. अण्णांनी प्रश्न विचारल्यावर ती लाजत म्हणाली, "आमच्या शेजारच्या सहा जणींनी केलं. दोघींना बरं वाटलं, तिघींना काहीच नाही. एकीला तर जुलाब झाले." अण्णा उठून उभे राहिले. स्वतःची खुर्ची तिला नेऊन दिली आणि वहीत लिहिलं, 'पास. बाई खरी. कढीपत्त्याचं माहीत नाही.'

दुसरं त्यांचं वेड सह्यांचं. गिचमीड सही दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. बँकेतल्या साहेबाला, गॅसवाल्याला, माझ्या घरभाड्याच्या करारावर मलासुद्धा त्यांनी परत सही करायला लावली होती. "पूर्ण नाव लिही. वाचता आलं पाहिजे. सही वाचता येत नसेल तर उद्या माणूस पकडायचा कुठे?" मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि शाळेतल्या मुलीसारखं नाव लिहिलं.

आता माझ्यावर येते. टाळत होते, पण यायलाच हवं.

मला अर्धशिशीचा त्रास होता. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला देवनहळ्ळीजवळच्या एका शेतावरच्या शिबिरात नेलं. तिथले 'सर' पूर्वी इंजिनियर होते. हळू आवाजात बोलायचे, स्वतः शहाळं सोलून द्यायचे. धान्य माणसाचं अन्नच नाही, दूध वासराचं, आणि औषध म्हणजे ओरडणाऱ्या शरीराच्या तोंडावर लावलेली पट्टी, असं त्यांचं शास्त्र. मी तीन महिने कच्च्या भाज्या आणि फळं खाल्ली आणि माझी अर्धशिशी थांबली. हे खरंच झालं, आजही खोटं म्हणणार नाही. मी नाचतच वर गेले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच महिन्यात तुझा तो मॅनेजर पण नोकरी सोडून गेला ना गं? तो फोनवर ओरडणारा?" मला इतका राग आला! चांगलं झालं ते म्हाताऱ्याला बघवत नाही, असं वाटलं. अक्का मात्र पलीकडे बसून कान देऊन ऐकत होती. तिला मधुमेह होता. दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचून घेऊन तिचं पोट निळं पडलेलं असायचं.

पुढे मी दर रविवारी शिबिरावर जायला लागले. मला कॉम्प्युटरमधलं येतं म्हणून सरांनी अनुभवांची यादी माझ्याकडे दिली. कोण आलं, काय त्रास होता, काय फरक पडला. त्यातले चांगले अनुभव व्हिडिओखाली जायचे. पहिल्यांदा एक बाई केस गळायला लागले म्हणून सोडून गेली, तेव्हा मी सरांना विचारलं, हिचं काय लिहू? सर हसले. "जिची श्रद्धा कमी पडली तिचं नाव ठेवून आपण काय करणार? बाकीच्यांचा धीर खचतो." मी ती ओळ काढून टाकली. दुसरी काढताना तेवढंही विचारावं लागलं नाही. होसकोटेचा एक रिक्षावाला चक्कर येऊन पडला, त्याची काढली. एका निवृत्त मास्तरांनी इन्सुलिन बंद केलं आणि चौथ्या दिवशी त्यांना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. त्यांच्या मुलाने मला फोन करून शिव्या घातल्या. तीही ओळ मीच काढली. अशी अकरा नावं झाली. हा माझ्या हातचा स्क्रॅपचा डबा होता आणि तो मी दर रविवारी स्वच्छ करत होते. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायला मला फार आवडेल. पण कळत होतं. मास्तरांची ओळ काढताना माझा हात थांबला होता.

एका सकाळी अण्णाच खाली आले. ते कधी खाली यायचे नाहीत, हाका मारायचे. हातात वही. दारातच उभे राहून म्हणाले, "अक्का हट्ट धरून बसलीय. तुझ्या त्या सरांकडे दहा दिवस जाते म्हणते. सुया टोचून जीव विटला म्हणते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलंय बघ तिने. तू यादी ठेवतेस ना तिथली? मग मला खरं सांग. सोडून गेले किती? बिघडले किती?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "तसं कुणी नाही, अण्णा. एक-दोघं गेले असतील, कंटाळून."

का म्हणाले? अक्काचं भलं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, हे एक. आणि अण्णांना एकदा तरी हरवायचं होतं, हेही तितकंच खरं. त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. दुसरं कुणी असतं तर म्हणाले असते, दाखव यादी. पण मी घरची होते. "तू स्वतः बघितलंयस ना? मग सरी, ठीक आहे," म्हणाले, आणि वही न उघडताच जिना चढून गेले.

अक्का शिबिराहून हसत आली. वजन उतरलं होतं, चेहरा हलका दिसत होता. इन्सुलिनच्या बाटल्या फ्रीजच्या दारात तशाच पडून राहिल्या. पुढच्या महिन्यात तिच्या पायाला चपलेचा पट्टा लागून जखम झाली. अण्णा डॉक्टरकडे चल म्हणाले, तर तिने सरांना फोन केला. सर म्हणाले, शरीरातली घाण बाहेर पडतेय, पडू द्या. तिने तो पाय अण्णांपासून साडीखाली लपवला. मला मात्र दाखवला होता. मी म्हटलं, सर म्हणतात ना, थांबू या थोडं. वास यायला लागला तेव्हा अण्णांना कळलं. तोवर फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी तिचा उजवा पाय घोट्याच्या वर कापला.

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर अण्णा आणि मी बसलो होतो. मी रडत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अय्यो, तू कशाला रडतेस? चूक माझी आहे. डबा न बघता शिक्का मारला मी. आयुष्यात कधी मारला नव्हता. तुला पण फसवलंच की त्या माणसाने." आणि मी मान हलवली. हो, मलाही फसवलं, अशी. ते माझे डोळे पुसत होते आणि मी त्यांना पुसू देत होते. आजवर केलेल्या सगळ्या गोष्टींत मला त्या मान हलवण्याची सर्वांत जास्त लाज वाटते.

चार महिने मी ते पोटात ठेवलं. वर जेवणाचे डबे नेऊन देत होते, अक्काला चाकाच्या खुर्चीतून गच्चीवर नेत होते. "किती करते गं पोर," असं अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि मी उगाच काहीतरी आणायला खाली पळायचे. मग त्यांचा मुलगा दोघांना होसकोटेला आपल्या घरी न्यायला आला. तिथे जिना नव्हता. सामान टेम्पोत चढत होतं. अण्णा एका खोक्यात वह्या भरत होते. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही. मी सगळं सांगितलं. अकरा ओळी, त्या मास्तरांसकट.

अण्णा भडकले. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "म्हणजे तुला माहीत होतं! मी दारात येऊन तुला विचारलं, आणि तुला माहीत होतं! अकरा जणांना तू कचऱ्यात टाकलंस आणि बारावी माझी बायको!" हातातली वही त्यांनी खोक्यात आपटली. मी पाया पडायला वाकले तर मागे सरकले. "जा. खाली जा." टेम्पो गेला तेव्हा मी खिडकीच्या आत उभी होते. बाहेर यायची हिंमत झाली नाही.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. नाव नाही, पुणेकरीण नाही, काही नाही. "ती अकरा माणसं कोण ते आठवतं का तुला?"

"फोन नंबर आहेत माझ्याकडे, अण्णा."

"रविवारी घेऊन ये."

मग कितीतरी रविवार मी देवनहळ्ळीऐवजी होसकोटेला गेले. अण्णा मला समोर बसवायचे, एकेक नंबर लावायला सांगायचे आणि पहिलं वाक्य मीच बोलायचं असा नियम होता. "मी तुमचं नाव यादीतून काढलं होतं, माफी मागायला फोन केलाय." कुणी शिव्या दिल्या, कुणी फोन आपटला. मास्तर वाचले होते. माझं पहिलं वाक्य त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "माझ्यानंतर अजून कुणी गेलं का तिथे?" अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांच्याशी कन्नडमधून अर्धा तास बोलले. सगळं त्यांनी कारखान्यातल्यासारखा तक्ता आखून एका कागदावर उतरवलं. माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. चहा अक्का द्यायची.

आणि तो कागद त्यांनी वापरला. सरांचं भाषण असेल तिथे अण्णा त्याच्या प्रती घेऊन शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे. सरांना कधी लबाड म्हणाले नाहीत. येणाऱ्याला एवढंच सांगायचे, "त्यांचं पण ऐका. हे पण वाचा. मग ठरवा." काही लोक वाचून परत जायचे, बरेचसे आत जायचे.

गेल्या वर्षी अण्णा झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेराव्यानंतर अक्काने मला हाक मारून जवळ बसवलं आणि उशीखालून तो मूळ कागद काढला. अकरा ओळींखाली आणखी एक ओळ होती, प्रतींमध्ये नसलेली. अक्काचं नाव, 'उजवा पाय', आणि दोषाच्या रकान्यात अण्णांचं स्वच्छ, सुटं अक्षर: 'विचारलं, पण डबा बघितला नाही.' अगदी तळाशी, कारखान्याच्या चिठ्ठीवर असायच्या तशा, सहीसाठी दोन जागा आखलेल्या होत्या. 'तपासणारा' पुढे त्यांचं पूर्ण नाव. 'बनवणारा' पुढची जागा कोरी.

"मी म्हटलं होतं त्यांना, लिहून टाका की तिचं नाव," अक्का म्हणाली. "ते म्हणाले, नाही. तिचं तिने येऊन लिहायचं."

तिने पेन पुढे केलं. मी घाईघाईने नेहमीची गिचमीड सही ओढायला लागले. अक्काने माझं मनगट धरलं.

"असं नको," ती म्हणाली. "पूर्ण नाव लिही. वाचता आलं पाहिजे."